घराचा अलार्म बसवताय? बटणं निवडताना या चुका टाळा

आमच्या पाथर्डी फाट्याच्या रो-हाऊसमध्ये अलार्म बसला आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे साडेपाचला सायरन कोकलला. चोरबीर कोणी नव्हतं. आईने तुळशीला पाणी घालायला मागचं दार उघडलं होतं. त्यानंतर आठ दिवस कोणी अलार्मला हातच लावला नाही, कारण 'परत वाजला तर?' ही धास्ती.

चूक माझीच. दुकानात मी सेन्सर किती, सायरनचा आवाज केवढा, एवढंच विचारत बसलो. हा अलार्म रोज रात्री लावणार कोण आणि पहाटे काढणार कोण, हे डोक्यातच आलं नाही. ज्याला तो सगळ्यात जास्त वेळा हाताळायचा आहे, त्याच्या हाताला जमेल असंच बटण घ्यायला हवं. आमच्याकडे तो हात आईचा.

तिला मोबाईलचं ॲप जमेना, कीपॅडवरचे बारीक आकडे चष्म्याशिवाय दिसेनात. शेवटी चार बटणांचा छोटा रिमोट तिच्या उशाशी ठेवला. उघड्या कुलपाचं चित्र असलेल्या, म्हणजे अलार्म काढायच्या बटणावर एक टिकली चिकटवली. अंधारातही बोटाला लागते. आता ती आधी टिकली दाबते, मग कडी काढते.

रात्री लावताना 'होम' मोडच वापरायचा. काही पॅनेलवर, म्हणजे अलार्मच्या मुख्य डब्यावर, त्याला 'स्टे' म्हणतात. यात दार-खिडकी उघडली की ओळखणारे मॅग्नेट जागे असतात, पण घरातली हालचाल टिपणारे सेन्सर झोपलेले. तो मोड एका बटणावर यायला हवा. मेन्यूत शिरून चार वेळा खाली जावं लागत असेल तर तो पॅनेल घेऊ नका, दिसायला कितीही देखणा असो.

कीपॅडची जागा ही दुसरी मोठी चूक. बसवणाऱ्याला वायर सोयीची पडली म्हणून आमचा कीपॅड स्वयंपाकघराच्या भिंतीवर, फ्रिजशेजारी लागला. एका रविवारी वणीहून गडाचं दर्शन घेऊन परतलो. एका हातात प्रसादाची पिशवी, खांद्यावर झोपलेली लेक. दार उघडलं, चप्पल काढली, दिवा शोधला, आणि फ्रिजपर्यंत पोचायच्या आत सायरन. आख्खी गल्ली गॅलरीत! दार उघडल्यापासून कोड दाबेपर्यंत मिळणारा वेळ आमच्याकडे १५ सेकंदांवर ठेवलेला होता. आता ३० केलाय आणि कीपॅड दाराच्या आतल्या बाजूला, आईच्या खांद्याच्या उंचीला आणलाय. तुमचा वेळ ठरवायच्या आधी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन एकदा खरंच चालून बघा. मात्र दोन मिनिटं वगैरे ठेवू नका, तेवढा वेळ चोरालाही मिळतो. शिवाय कीपॅड खिडकीतून दिसता कामा नये.

नुसत्या ॲपवर विसंबणं हीसुद्धा चूकच. वीज गेली की राउटर बंद, आणि राउटर इन्व्हर्टरवर नसेल तर बाहेरगावाहून तुम्ही नुसते फोनकडे बघत बसता. सिमवर चालणारा पॅनेल असेल तर दोन गोष्टी पाहा: सिमचा रिचार्ज संपलेला नाही ना, आणि पॅनेल फक्त टूजी आहे का. तसं असेल तर जिओचं सिम त्यात चालणार नाही.

कोडबद्दल एक गंमत सांगतो. एका ओळखीच्यांच्या कीपॅडवर चारच बटणांवर हळदीचे पिवळे डाग होते. चार वेगळे आकडे कळले की जुळण्या उरतात फक्त २४. अधूनमधून कोड बदला, बटणं पुसा. १२३४, गाडीचा नंबर, जन्मसाल नको. कामवाल्या मावशींना वेगळा कोड द्या. त्यांनी काम सोडलं तर तेवढाच काढता येतो, सगळ्यांना नवा पाठ करावा लागत नाही.

रिमोटवरचं पॅनिकचं बटण, म्हणजे संकटात सायरन वाजवायचं, खिशात किल्ल्यांनी दाबलं जातं. तीन सेकंद धरून ठेवल्यावरच वाजेल अशी सोय असेल तर ती चालू करून घ्या, नाहीतर सरकत्या झाकणाचा रिमोट मागा.

रिमोट गेटपासून चालेनासा झाला तर पॅनेलला दोष देण्याआधी त्यातला सेल बदला. तरीही नाही जमलं तर पॅनेल लोखंडी कपाटामागे किंवा ग्रिलला खेटून आहे का बघा. धातूने सिग्नल अडतो. अलार्म लागायलाच तयार नसेल तर बहुतेक वेळा कुठलीतरी खिडकी उघडी असते, किंवा मॅग्नेटचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले असतात. आमच्याकडे पावसाळ्यात लाकडी दार फुगलं की हेच होतं. दार बंद दिसतं, पण फट राहते.

आणि सायरनची चाचणी दुपारी घ्या, शेजाऱ्यांना आधी सांगून. त्या रविवारनंतर आमच्या गल्लीत मी सांगितल्याशिवाय बटण दाबत नाही.