चीनच्या शेजाऱ्यांवर उत्तर लिहिताय? निदान या चुका टाळा

मी पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या मुलांची जीएस दोनची (सामान्य अध्ययनाचा दुसरा पेपर) उत्तरं तपासते, बरीच वर्षं झाली आता. ‘चीनचा उदय आणि शेजारी देशांची भूमिका’ असा प्रश्न टाकला की पेपर उघडायच्या आधीच मला माहीत असतं आत काय असणार, मोत्यांच्या माळेची ती आकृती (भारताभोवतीच्या समुद्रात चीनचा हात असलेली बंदरं), मग कर्जाचा सापळा, आणि शेवटी ‘भारताने सावध राहणे गरजेचे आहे’. सगळे शेजारी एकतर चीनच्या खिशात नाहीतर चीनविरुद्ध उभे, मधलं काहीच नाही. मुलं हुशार असतात म्हणून जास्त वाईट वाटतं.

हंबनटोटा पाठ करून येणं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात महागात पडते. एका मॉक इंटरव्ह्यूला मी पॅनेलवर होते, परभणीकडचा एक मुलगा, अगदी तयारीचा. तो म्हणाला, श्रीलंकेला कर्ज फेडता आलं नाही म्हणून कर्जाच्या बदल्यात हंबनटोटा बंदर चीनला द्यावं लागलं. माझ्या शेजारी एक निवृत्त अधिकारी बसले होते, त्यांनी शांतपणे विचारलं, "बरं, मग बंदर दिल्यावर ते कर्ज माफ झालं असेल?" मुलगा म्हणाला, "हो सर." "किती माफ झालं?" तिथून पुढची दहा मिनिटं त्याला एकही वाक्य धड बोलता आलं नाही, ज्या विषयांत तो चांगला होता त्यातही नाही. नंतर जिन्यात त्याने मला मोबाईलवर पीडीएफ दाखवली, तेच वाक्य, पिवळ्या रंगाने हायलाइट केलेलं. तेच वाक्य मी कितीतरी पेपरांत वाचून पुढे गेले होते, खाली लाल रेघ मारली नव्हती, ते मला आजही लागतं.

झालं काय होतं ते नीट बघा. २०१७ मध्ये बंदर ९९ वर्षांच्या कराराने चायना मर्चंट्स पोर्ट या चिनी कंपनीला दिलं, त्याचे साधारण ११२ कोटी डॉलर आले आणि ते गेले परकीय चलनाच्या गंगाजळीत. बंदर बांधायला चीनच्या एक्झिम बँकेकडून घेतलेलं कर्ज तसंच राहिलं, श्रीलंका सरकारच्याच डोक्यावर. त्या वेळी गळ्याशी आलेली देणी मुख्यतः वेगळीच होती, आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेले रोखे. बाहेरच्या कर्जात सगळ्यात मोठा वाटा त्यांचा, चीनचा वाटा सगळं धरून एक पंचमांशाच्या आसपास. २०२२च्या एप्रिलमध्ये देशाने हात वर केले त्यामागे २०१९ची करकपात होती, कोविडमध्ये आटलेलं पर्यटन होतं, खतबंदीचा तो घाईचा निर्णय होता.

म्हणजे चीन निरागस आहे असं मी म्हणत नाहीये, हे दरवेळी सांगावं लागतं. २०२२च्या ऑगस्टमध्ये युआन वांग ५ हे उपग्रहांचा माग काढणारं चिनी जहाज तिथे लागलंच की. पण श्रीलंकेने काय केलं ते बघा, भारताने हरकत घेतल्यावर आधी चीनला म्हणाले जरा थांबा, मग येऊ दिलं, आणि २०२४ साठी सगळ्याच परदेशी संशोधन जहाजांना वर्षभर बंदी घातली, कुणाचंही नाव न घेता. खरं उत्तर इथे आहे. लहान देश दोन मोठ्यांच्या मधे स्वतःसाठी जागा कशी काढतो हे तारखांसकट दिसतं, आणि मुलं नेमकं तेच सोडून सापळ्याचं चित्र काढत बसतात.

माझी सवय सांगते, पटली तर घ्या. ‘सापळा’ शब्द लिहायच्या आधी वहीत तीन ओळी लिहायच्या: पैसे कुणी दिले, ते गेले कुठे, कर्ज आज कुणाच्या नावावर आहे. तिन्ही भरता आल्या नाहीत तर तो शब्द वापरायचा नाही.

नकाशा न काढणं

चीनच्या जमिनीवरच्या सीमेला १४ देश लागतात, त्यात श्रीलंका नाही, मालदीव नाही. कझाकस्तान, लाओस, मंगोलिया आहेत आणि त्यांचं नावही उत्तरात नसतं. हाताने नकाशा काढा, दहा मिनिटं लागतात. छापील नकाशा बघून लक्षात राहतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा न बघता काढून दाखवावा.

व्हिएतनामला ‘चीनविरोधी’च्या रकान्यात टाकणं

ही माझी दुसरी डोकेदुखी. मुलांना १९७९चं युद्ध माहीत असतं, दक्षिण चीन समुद्रातला वाद माहीत असतो, की झालं, व्हिएतनाम चीनचा शत्रू, म्हणून आपला मित्र, पुढचा मुद्दा. मग डिसेंबर २०२३ मध्ये शी जिनपिंग हनोईत आले आणि छत्तीस करार झाले याचं काय करायचं ते कळत नाही, म्हणून ते सोडूनच देतात.

व्हिएतनामवर जवळजवळ हजार वर्षं चीनचं राज्य होतं, इसवी सन ९३८ पर्यंत. चिनी राजवटीविरुद्ध सन ४० मध्ये उठाव करणाऱ्या त्रुंग बहिणींच्या नावाचा रस्ता आज हनोईत अगदी मध्यवस्तीत आहे, लोक रोज पत्ता सांगताना ते नाव घेतात. २०१४ मध्ये चीनने दक्षिण चीन समुद्रातल्या वादग्रस्त पॅरासेल बेटांजवळ तेल शोधायचा मोठा रिग आणून उभा केला तेव्हा व्हिएतनाममध्ये दंगली पेटल्या आणि जमावाने चिनी समजून चक्क तैवानी कारखाने जाळले, पाट्यांवरची लिपी सारखीच दिसते ना. लोकांचा राग इतका खरा आहे.

आणि सरकार? ते हा राग मोजूनमापून वापरतं. सत्तेत कम्युनिस्ट पक्ष, तिकडेही कम्युनिस्ट पक्ष, सगळ्यात मोठा व्यापार चीनशी, कारखान्यांना लागणारा कच्चा माल चीनचा आणि तयार माल जातो सगळ्यात जास्त अमेरिकेला. म्हणून त्यांचं संरक्षण धोरण चार नकारांवर उभं आहे: लष्करी युती नाही, एकाच्या बाजूने दुसऱ्याविरुद्ध जाणं नाही, परदेशी तळ नाहीत, बळाची धमकी नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये बायडन आले तेव्हा अमेरिकेला भागीदारीची सगळ्यात वरची पायरी दिली, पण त्या पायरीवर चीन २००८ पासूनच होता आणि भारत २०१६ पासून. दुसरीकडे त्याच समुद्रातल्या स्प्रॅटली बेटांमधल्या आपल्या ताब्यातल्या खडकांवर भराव टाकणं चालूच. ते लोक याला बांबूची उपमा देतात, आपल्याकडे लव्हाळं म्हणतो तसं, पूर आला की लवायचं पण मूळ सोडायचं नाही.

हे सगळं एका ओळीत बसत नाही हे मान्य. पण साठ सेकंदांच्या रीलमध्ये बसवायचा हट्ट कुणाचा आहे? सहा महिन्यांत सगळं संपवायचंय म्हणून येणाऱ्यांना मी सांगते, एकच देश घ्या आणि महिनाभर त्याच्याच बातम्या वाचा. नवख्यांना हे सगळ्यात नकोसं वाटतं आणि तेच सगळ्यात उपयोगी पडतं.

देश म्हणजे एकच माणूस धरणं

फिलिपिन्सने दक्षिण चीन समुद्रावरचा चीनविरुद्धचा खटला जिंकला १२ जुलै २०१६ला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथले अध्यक्ष दुतेर्ते बीजिंगला जाऊन अमेरिकेपासून वेगळं होण्याची भाषा करून आले. २०२३ मध्ये नंतरचे अध्यक्ष मार्कोस यांनी अमेरिकेला आणखी चार तळ खुले केले, एकूण नऊ झाले, आणि २०२४ मध्ये आपलं ब्रह्मोस तिथे पोचलं. समुद्र तोच, खडक तेच, खुर्चीतला माणूस बदलला. मालदीवचंही तसंच, अध्यक्ष मुइझ्झू ‘इंडिया आउट’वर निवडून आले आणि वर्षभरात दिल्लीत येऊन चलन अदलाबदलीची (करन्सी स्वॅप) सोय करून घेऊन गेले. म्हणून वाक्यात साल लिहा, सालाशिवायच्या वाक्याला मी मार्क देत नाही.

विरोधाची किंमत न लिहिणं

नोव्हेंबर २०१६ मध्ये दलाई लामा मंगोलियात गेले. लगेच चीनने सीमेवर मालावर जादा शुल्क लावलं, कर्जाची बोलणी थांबवली, आणि महिनाभरात मंगोलियाला सांगावं लागलं की पुन्हा बोलावणार नाही. ज्याची बहुतेक निर्यात एकाच गिऱ्हाइकाकडे जाते त्याने किती ताणायचं? दक्षिण कोरियाने उलट केलं, चीनचा विरोध असूनही थाड ही अमेरिकेची क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा ठेवलीच, पण तिच्यासाठी जमीन देणाऱ्या लॉटे कंपनीची चीनमधली बहुतेक दुकानं आगीच्या नियमांचं कारण काढून बंद झाली.

आणि आपणही शेजारीच आहोत, हे मुलं विसरतात. ग्रेट वॉल मोटर्स तळेगावचा जनरल मोटर्सचा प्लांट घेणार होती, राज्य सरकारशी ३,७७० कोटींचा करार झाला १५ जून २०२०ला, आणि त्याच रात्री गलवानमध्ये आपले २० जवान गेले. एप्रिलमध्येच शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारची परवानगी सक्तीची झाली होती, ती इथे मिळाली नाही, २०२२ मध्ये व्यवहार मोडला आणि प्लांट शेवटी ह्युंदाईकडे गेला. मधल्या काळात हजाराहून जास्त कामगार घरी बसले. आणि चीनशी आपली व्यापारी तूट? २०२४-२५ मध्ये ९,९०० कोटी डॉलरच्या आसपास गेली. राग, बंदी, नोकऱ्या, आयात, सगळं एकाच उदाहरणात आहे, पण ते मला आजवर एकाही पेपरात दिसलं नाही. शिवाजीनगरहून लोकलने तळेगाव तासाभराच्या आत येतं.