रेट्रोव्हायरसवरून आरएनएची बाहेरची वाट कशी शोधायची, फणस सोलता सोलता

टीवायच्या पोरांची गाडी दरवर्षी इथेच अडते म्हणून एकदाचं लिहून टाकते. पाठ करू नका, वहीत पाच डिश काढा आणि उत्तरं पेन्सिलने भरा, कारण खोडावी लागणारच आहेत.

आधी पेशीचा नियम. आरएनए (जीनची नक्कल) मधले इंट्रॉन, म्हणजे प्रोटीनला न लागणारे मधले तुकडे, कापल्याशिवाय तो सहसा न्यूक्लियसबाहेर (केंद्रकाबाहेर) सोडत नाहीत. आमच्या रत्नागिरीत मे महिन्यात कसं, हाताला तेल लावून फणस फोडायचा, चोथा गुरांना आणि पाहुण्यांपुढे फक्त गरे, तसंच. एचआयव्ही या रेट्रोव्हायरसची पंचाईत अशी की त्याला अख्खा फणसही बाहेर न्यायचाय, कारण साधारण ९ हजार अक्षरांचा न कापलेला आरएनए हाच त्याचा जीनोम आणि गॅग-पोल प्रोटीनं (त्याचं कवच आणि एन्झाइम्स) पण त्यावरूनच बनतात. मग पठ्ठ्या काय करतो, पूर्ण कापलेला छोटा आरएनए आधी सरळ वाटेने बाहेर काढतो, त्यावरून रेव्ह प्रोटीन बनतं, ते परत आत येऊन अख्ख्या आरएनएवरच्या आरआरई तुकड्याला चिकटतं आणि सीआरएम-१ या पेशीच्या बाहेर नेणाऱ्या प्रोटीनच्या मदतीने त्याला बाहेर काढतं. मेसन-फायझर मंकी व्हायरस या माकडांच्या रेट्रोव्हायरसकडे रेव्ह नाहीच, त्याच्या आरएनएतला सीटीई तुकडा पेशीचंच प्रोटीन पकडतो.

आता पेशींच्या डिश. सगळ्यांत न कापलेला गॅग-पोल आरएनए. पहिलीत नुसता आरआरई, दुसरीत आरआरई आणि रेव्ह, तिसरीत आरआरईच्या जागी सीटीई. चौथी म्हणजे दुसरीच पण लेप्टोमायसिन बी घातलेली, हे औषध सीआरएम-१ अडवतं, आणि पाचवी म्हणजे तिसरी अधिक तेच औषध. पी२४, म्हणजे गॅगपासून बनणारं कवचाचं प्रोटीन, किती मिळेल? पहिलीत जवळपास शून्य, दुसरी-तिसरीत भरपूर, चौथीत धाडकन खाली, पाचवी बऱ्यापैकी टिकून. म्हणजे दारं दोन आहेत, एक सीआरएम-१ चं आणि दुसरं सीटीईचं, झालं.

मग पेशीचा स्वतःचा एमआरएनए (ज्यावरून प्रोटीन बनतं तो आरएनए) कुठल्या दाराने जातो? इथे खरी गंमत. बेडकाच्या अंडपेशीत १९९५ साली रेव्हच्या बाहेर नेणाऱ्या तुकड्याची नुसती गर्दी करून ते दार तुंबवून बघितलं, तर यू-एसएनआरएनए आणि ५एस आरआरएनए (प्रोटीन न बनवणारे छोटे आरएनए) अडले पण एमआरएनए आरामात चालू. सीटीईची गर्दी केली तेव्हा मात्र एमआरएनए अडकला. १९९८ मध्ये त्या दारावरचं प्रोटीन सापडलं, टॅप, आता एनएक्सएफ-१ म्हणतात. आणि २००६ मध्ये कळलं की एनएक्सएफ-१ च्या स्वतःच्या जीनच्या एका इंट्रॉनमध्येही सीटीई आहे! म्हणजे अख्खा फणस पेशीही कधीकधी बाहेर देते.

एक चूक सगळे करतात, फक्त प्रोटीन मोजून एक्सपोर्ट (आरएनए बाहेर जाणं) सिद्ध झालं म्हणतात. रेव्ह आणि सीटीई भाषांतरालाही (आरएनएवरून प्रोटीन बनण्यालाही) हात लावू शकतात, त्यामुळे सायटोप्लाझममधला, म्हणजे न्यूक्लियसबाहेरचा, आरएनए वेगळा काढून मोजायलाच हवा. तो काढताना एमएस्सीला माझ्याकडून डिटर्जंट जास्त पडलं, न्यूक्लियसच फुटले आणि दोन दिवस मी खूश होते की काय भारी एक्सपोर्ट झालाय. म्हणून यू६ आरएनए आधी बघा, तो एरवी आतच राहतो. सायटोप्लाझमच्या ट्यूबमध्ये दिसला तर ट्यूब फेका आणि पेशी पुन्हा फोडा.