केसपेपरचा नंबर सेव्ह होण्याआधी छापू नका

तालुक्याच्या गावातल्या एका दवाखान्यासाठी मी नोंदणीचा प्रोग्राम लिहिला होता. फॉर्म उघडला की डेटाबेसच्या टेबलातला सर्वांत मोठा आयडी (नोंदीचा क्रमांक) घ्यायचा, त्यात १ मिळवायचा आणि तो केसपेपर नंबर म्हणून दाखवायचा. नोंदणीची खिडकी एकच होती तोवर निभावलं. दुसरी सुरू झाली आणि सोमवारच्या गर्दीत दोन्हीकडे ४१८३ दिसला. दोन पेशंटच्या रक्ताच्या ट्यूबवर तोच नंबर चिकटला. वय जुळत नाही हे लॅबमधल्या ताईंनी पाहिलं, म्हणून रिपोर्ट चुकीच्या हातात पडला नाही. त्या रात्रीच मी तो कोड काढला.

पुढच्या आयडीचा अंदाज बांधूच नका. डेटाबेसकडून नंबर मागून घ्या.

मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये आधी ओळ इन्सर्ट करा (म्हणजे नोंद घाला), मग डेटाबेसशी जोडलेल्या त्याच कनेक्शनवर 'लास्ट इन्सर्ट आयडी' फंक्शन चालवा. त्याचं उत्तर त्या कनेक्शनपुरतं असतं. शेजारच्या खिडकीने मधे दहा नोंदी केल्या तरी तुमचा आकडा बदलत नाही. कनेक्शन पूल (आळीपाळीने वापरायच्या तयार कनेक्शनांचा साठा) असेल तर ही दोन्ही कामं होईपर्यंत कनेक्शन सोडू नका. एकाच इन्सर्टमध्ये पाच ओळी घातल्या तर पहिल्या ओळीचा आयडी मिळतो, शेवटच्या नाही. इन्फर्मेशन स्कीमात (डेटाबेसची स्वतःची माहिती देणाऱ्या टेबलांत) 'पुढचा आयडी' दिसतो खरा, पण मायएसक्यूएल ८.० मध्ये तो मूळ सेटिंगनुसार २४ तासांपर्यंत शिळा असू शकतो.

पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये इन्सर्टलाच 'रिटर्निंग आयडी' जोडा, नवा आयडी लगेच परत मिळतो. लेबल आधीच छापायचं असेल आणि कॉलम सिरियल (आपोआप नंबर घेणारा) असेल, तर 'नेक्स्टव्हॅल' फंक्शनने सिक्वेन्समधून, म्हणजे डेटाबेसच्या नंबर-मोजणीतून, नंबर उचला आणि तोच देऊन इन्सर्ट करा. उचललेला नंबर दुसऱ्या कुणाला मिळत नाही. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर इन्सर्टनंतर 'स्कोप आयडेंटिटी' फंक्शन वापरा.

मधले काही नंबर गळतील. ट्रान्झॅक्शन (एकत्र पूर्ण होणारी कामं) रोलबॅक झालं, म्हणजे रद्द होऊन मागे आलं, तरी खर्च झालेला आयडी परत येत नाही. "४२०७ कुठे गेला?" असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा त्यांना हे कागदावर काढून समजावलं.

पावती क्रमांक मात्र ऑडिटला सलग लागतात. त्यासाठी एका ओळीचं वेगळं टेबल ठेवा. ट्रान्झॅक्शन सुरू करून ती ओळ 'फॉर अपडेट' लावून (म्हणजे इतरांसाठी कुलूप लावून) वाचा, आकडा वाढवा, पावती इन्सर्ट करा, मग कमिट, म्हणजे बदल कायम करा. पावती फसली तर वाढलेला आकडाही मागे येतो. ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत दुसरी खिडकी थांबून राहते. पावत्यांना ते परवडतं. केसपेपरला मी हे लावलेलं नाही.