अफगाण गावांत स्त्रियांच्या हक्कांचं काम: या चुका टाळा

2001 ते 2021 या वीस वर्षांत अफगाणिस्तानात स्त्रियांच्या नावाने खूप पैसा आला, कायदे झाले, जागा राखीव झाल्या. त्यातलं काही रुजलं, बरंच टिकलं नाही. हक्क कागदावर मिळतो. तो वापरता येतो की नाही, हे मात्र घरापासून बैठकीपर्यंतचं अंतर, सोबतीला येणारा माणूस, हातातलं ओळखपत्र आणि दिवसातला मोकळा वेळ यांवर ठरतं. खालच्या बहुतेक चुका याकडे दुर्लक्ष केल्यामुळे झाल्या आहेत. आजही आरोग्य, घरगुती उद्योग, कायदेशीर मदत अशा कामांतून अफगाण स्त्रियांपर्यंत पोहोचणाऱ्या संस्था याच जागी अडखळतात.

हजेरी म्हणजे सहभाग, असं समजणं

2004 च्या राज्यघटनेने कनिष्ठ सभागृहातल्या 249 जागांपैकी 68 स्त्रियांसाठी राखल्या. ते गरजेचंच होतं. पण आकड्यांची तीच सवय गावपातळीवर गेली, तेव्हा गोंधळ झाला.

2003 मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय एकजूट कार्यक्रम (लोक त्याला 'हमबस्तगी-ए-मिल्ली' म्हणत) घ्या. गावाने मतदानाने विकास परिषद निवडायची आणि दर कुटुंबामागे 200 डॉलर, गावाला जास्तीत जास्त 60,000 डॉलर मिळवून विहीर, रस्ता, छोटं जलविद्युत असं काम स्वतः ठरवायचं. परिषदेत स्त्रिया हव्यातच, अशी अट होती. जिथे स्त्री-पुरुष एकत्र बसायला तयार नसत, तिथे दोन वेगळ्या शूरा (परिषदा) असत.

गडबड कुठे होई ते बघा. पुरुषांची शूरा मशिदीत बसते आणि काम ठरवते. संध्याकाळी कुणीतरी फॉर्म घरी नेतो आणि बायकांचे अंगठे घेऊन येतो. कार्यालयात पोहोचलेल्या कागदावर काहीच खोट दिसत नाही: तारीख आहे, पंधरा अंगठे आहेत, पंधरा नावं आहेत. फक्त सगळे अंगठे एकाच शाईचे, एकाच दाबाचे आणि ओळीने एकाखाली एक. अंगठे एका बैठकीत उमटले की दारोदार, हे कागद सांगत नाही. ते बायकांनाच, बाई कार्यकर्तीने, वेगळं बसवून विचारावं लागतं.

उपाय असा. दोन्ही शूरांची मागण्यांची यादी वेगळ्या दिवशी घ्या, आधी स्त्रियांची. दोन्ही याद्या दोन्ही बैठकांत मोठ्याने वाचून दाखवा, कारण वाचता येणारे थोडेच असतात. निदान एक काम स्त्रियांच्या यादीतलंच असेल, हे पैसे सुटण्याआधी लेखी ठरवा. स्त्रियांच्या शूराची खजिनदार वेगळी आणि रोकडवहीही वेगळी ठेवा. सहा महिन्यांनी हजेरीपट बाजूला ठेवून तीन प्रश्न विचारा: तुमच्या यादीतलं कोणतं काम झालं? पैसे कुणाच्या हातून खर्च झाले? तुमचं न ऐकता काही ठरलं का?

अपेक्षाही बेताची ठेवा. या कार्यक्रमाचा अभ्यास 500 गावांत झाला. निम्म्या गावांना, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडून, कार्यक्रम आधी दिला आणि उरलेल्यांना नंतर. गावाच्या कारभारात स्त्रियांचा सहभाग वाढला आणि पुरुषांनाही तो अधिक मान्य झाला. घरातले निर्णय आणि घरातली स्त्रीची जागा मात्र फारशी हलली नाही. गावात परिषद बसली की दोन वर्षांत घर बदलेल, असं प्रस्तावात लिहू नका.

शहरी, सुशिक्षित तरुणींसाठीची अमेरिकेची 'प्रमोट' योजनाही आकड्यांतच अडकली. 2014 मध्ये सुरू झालेल्या या योजनेला 21.6 कोटी डॉलर मंजूर होते आणि लक्ष्य 75,000 स्त्रियांचं होतं. तीन वर्षं आणि जवळपास 9 कोटी डॉलर खर्च झाल्यावर, त्यातून किती जणींचं मूळ उद्दिष्ट साधलं याचा पुरता हिशेबच झालेला नाही, असं 2018 च्या अमेरिकी लेखापरीक्षणात निघालं. नोकरी मिळाली का आणि वर्षभर टिकली का, एवढं नोंदवायची वही पहिल्या दिवसापासून हवी. नंतर ती भरता येत नाही.

अंतर आणि महरम अंदाजपत्रकात न धरणं

सगळ्यात जास्त कार्यक्रम याच चुकीने बसले, आणि ही चूक टाळणं सगळ्यात सोपं आहे.

घोर प्रांतातल्या 31 गावांतल्या अभ्यासात शाळा मुलांच्या गावातच, बहुतेकदा कुणाच्या घरात किंवा मशिदीत भरवली. मुलींची पटनोंदणी 52 टक्के बिंदूंनी (दर शंभर मुलींमागे आणखी 52 जणी) वाढली आणि मुलगे-मुलींमधली दरी जवळजवळ मिटली. शाळा एक मैल, म्हणजे दीड किलोमीटरहून थोडी जास्त लांब गेली की सगळ्या मुलांचीच नोंदणी सरासरी 16 टक्के बिंदूंनी घटत होती, आणि मुलींची त्याहून जास्त. बापाचं मन वळवायला सभा घेतल्या नव्हत्या. शाळा जवळ आणली होती. 'हे लोक मुलींना शिकवतच नाहीत' असं म्हणण्याआधी घर ते वर्ग हे अंतर पायी चालून बघा.

मोठ्या स्त्रियांसाठी अंतराच्या जोडीला महरम येतो, म्हणजे नवरा, किंवा भाऊ, बाप, मुलगा असा ज्याच्याशी लग्न होऊ शकत नाही तो सोबतीचा पुरुष. तो आला की त्याचा दिवस बुडतो. शेतमजुराची त्या दिवसाची रोजंदारी तुम्ही भरून दिली नाही, तर पहिल्या दिवशी 20 बायका येतील, दुसऱ्या दिवशी 12 आणि तिसऱ्या दिवशी 5. त्यावर अहवालात 'प्रतिसाद कमी' असं लिहिलं जाईल, आणि ते त्या बायकांवर अन्याय करणारं आहे.

म्हणून 20 प्रशिक्षणार्थी असतील तर 40 माणसांचा प्रवास आणि जेवण धरा. पाच-सहा तान्ही मुलं येतीलच. त्यांच्यासाठी शेजारची खोली, चटई आणि एक सांभाळणारी बाई ठेवा. पुरुषांना बसायला वेगळी जागा आणि चहा ठेवा, नाहीतर ते दारात उभे राहतात आणि आत कुणी तोंड उघडत नाही. वेळ सकाळच्या भाकऱ्या भाजून झाल्यावरची घ्या, आणि बायका उजेडात घरी पोहोचतील अशी संपवा. हेरातमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरात केशराचा हंगाम असतो. फुलं पहाटे खुडून त्याच दिवशी निवडावी लागतात, आणि निवडणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. त्या काळात प्रशिक्षण ठेवलं तर चूक तुमची.

आरोग्य खात्याने हे आधी ओळखलं होतं. गावच्या आरोग्य चौकीवर एक बाई आणि एक पुरुष असे दोन स्वयंसेवक, शक्यतो एकाच कुटुंबातले, साधारण 100 ते 150 घरांमागे. दाईण प्रशिक्षणातही मुलगी गावानेच निवडायची, शिकून तिने त्याच भागात परत यायचं आणि गावाने तिला काम करू द्यायचं, हे आधीच ठरलेलं असे. डिसेंबर 2024 मध्ये तालिबानने दाईण आणि परिचारिका प्रशिक्षणही स्त्रियांना बंद केलं. ज्या देशात 2002 च्या पाहणीत दर लाख जन्मांमागे सुमारे 1,600 माता दगावत होत्या, तिथे हा निर्णय किती जीव घेईल याचा विचारही करवत नाही.

पुरुषांना टाळून थेट स्त्रियांकडे जाणं

गावात जाऊन पहिली बैठक स्त्रियांची घेतली की दुसरी होत नाही. आधी मलिक किंवा अरबाब (गावचा मुखिया) आणि वडीलधारे, मग मुल्ला (वेगळा, एकांतात, चारचौघांत त्याला कडक भूमिका घ्यावीच लागते), मग स्त्रिया. वडीलधाऱ्यांकडे हक्कांची परवानगी मागायची नसते. जागा, वेळ आणि सुरक्षिततेची हमी मागायची.

उलट टोकाची चूकही तितकीच वाईट: 'तुम्हीच बायका निवडून द्या' असं मलिकला सांगणं. मग त्याची बायको, सून आणि भावजय येतात, आणि विधवा, भूमिहीन, दुसऱ्या जमातीच्या बायका बाहेर राहतात. मोहल्ल्यावार निवड करा, गुप्त मतदानाने.

दीन (धर्म) आणि रिवाज यांची सरमिसळ

'जेंडर' हा शब्द दरी आणि पश्तो या तिथल्या भाषांत परकाच राहिला आणि विरोधकांना आयता सापडला. हक, मेहर (लग्नात नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम), मीरास (वारसा) हे शब्द मात्र प्रत्येक घरात माहीत आहेत. तिथून सुरुवात करा.

पश्तून भागात मुलीच्या लग्नात बाप 'वलवर' घेतो. ती रक्कम बापाला जाते. मेहर मुलीची असते. भांडण मिटवायला मुलगी देण्याची 'बाद' ही प्रथाही रिवाजातली आहे, शरियतमधली नाही. 2009 च्या स्त्री-अत्याचारविरोधी फर्मानात गुन्हे ठरवलेल्या 22 कृत्यांत ती होती.

वारसाचा हिशेब तर बोलून नव्हे, खडे मांडून दाखवावा. समजा हनफी (सुन्नी) कुटुंबात माणूस वारला, आईबाप हयात नाहीत. मागे बायको, दोन मुलगे, तीन मुली आणि 24 जरीब जमीन (जरीब म्हणजे साधारण अर्धा एकर). आधी कर्जं फेडायची, आणि न दिलेली मेहर हेही कर्जच. ते फिटलेलं असेल, तर बायकोचा आठवा हिस्सा 3 जरीब. उरले 21. मुलाला दोन वाटे, मुलीला एक, म्हणजे एकूण सात वाटे, एक वाटा 3 जरीब. मुलगे सहा-सहा, मुली तीन-तीन. चोवीस खडे जमिनीवर असे वाटून ठेवले की बायका स्वतः मोजतात. भावाने बहिणीचे तीन खडे ठेवून घेणं हा रिवाज आहे, दीन नाही, हे मग कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

दोन सावधगिऱ्या. हजारा या बहुतेक शिया असलेल्या समाजाच्या गावांत जाफरी फिक्ह (शियांचा धर्मकायदा) चालतं आणि विधवेच्या जमिनीवरच्या हक्काचा हिशेब तिथे वेगळा आहे. हेच कोष्टक तिथे नेऊ नका. आणि बाहेरच्या कार्यकर्त्याने मुल्लाला कुराणातल्या आयती ऐकवू नयेत. ते काम आलिमांचं, म्हणजे धर्मपंडितांचं. अफगाण कार्यकर्त्या जमिला अफगाणी यांच्या संस्थेने इमामांनाच स्त्रियांच्या हक्कांचं प्रशिक्षण दिलं, म्हणजे शुक्रवारच्या खुत्ब्यात (प्रवचनात) तो विषय इमामाच्या तोंडून आला. या मार्गाची मर्यादाही मान्य करा: मुलीचा वाटा मुलाच्या निम्माच राहतो. पण हाती काहीच नसलेल्या बाईला दीड एकर मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

बचत गट उचलून तसाच नेणं

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी हे मुद्दाम. आपल्याकडचा बचत गट सदस्यांना व्याजाने पैसे देतो आणि त्यावर वाढतो. तिथे व्याज म्हणजे रिबा, हराम. गरजू बाई तोंडावर नाही म्हणणार नाही, नुसती यायची बंद होईल.

पर्याय मुराबहाचा. समजा शिवणयंत्र 8,000 अफगाणींचं आहे. संस्थेने ते आधी स्वतः विकत घ्यायचं, मग 800 नफा उघड सांगून 8,800 ला विकायचं, 880 चे दहा हप्ते. हप्ता चुकला तरी रक्कम वाढत नाही. नेहमीची चूक म्हणजे बाईच्या हातात 8,000 रोख देऊन कागदावर 'मुराबहा' लिहिणं. यंत्र आधी संस्थेच्या मालकीचं झालं नसेल तर ते व्याजच, आणि गावातला मुल्ला हे लगेच ओळखतो. पावती संस्थेच्या नावाची ठेवा आणि त्याला दाखवा.

तझकिरा नंतर बघू, असं म्हणणं

तझकिरा म्हणजे ओळखपत्र. ते नसेल तर वारसा लावणं, खातं, दावा सगळं अडतं. कुठल्याही कार्यक्रमाचा पहिला महिना याच कामाला द्या. अर्ज कार्यालयाच्या दारापर्यंत नेणारी बाई आणि भाडं दोन्ही पुरवा. तझकिऱ्यावर आईचं नाव यावं म्हणून अफगाण स्त्रियांनी 'माझं नाव कुठे आहे?' ही मोहीम लढवली आणि 2020 मध्ये तो बदल मंजूर झाला. विधवा आणि सोडलेल्या बायकांसाठी तो किती मोलाचा होता, हे मुलाच्या शाळाप्रवेशाच्या वेळी कळतं.

तालिबानचा हुकूम म्हणजे समाजाचं मत, असं मानणं

मार्च 2022 मध्ये मुलींच्या माध्यमिक शाळा उघडता उघडता बंद झाल्या, डिसेंबर 2022 मध्ये स्त्रियांना विद्यापीठं आणि स्वयंसेवी संस्थांमधली नोकरी बंद झाली. पण त्याच वर्षी सप्टेंबरात पक्तिया प्रांतात मुलींच्या काही शाळा औपचारिक परवानगीविना उघडल्या होत्या, आणि त्या बंद केल्यावर तिथल्या गर्देझ शहरात मुली रस्त्यावर उतरल्या. काबूलमध्ये स्त्रियांनी 'नान, कार, आझादी' (भाकरी, काम, स्वातंत्र्य) म्हणत मोर्चे काढले.

बंदीनंतरची सर्वांत घातक चूक म्हणजे स्त्री कर्मचाऱ्यांच्या जागी पुरुष पाठवून काम 'चालू' दाखवणं. पुरुष सर्वेक्षक विधवेच्या घरात जाऊ शकत नाही, म्हणून धान्याच्या यादीतून नेमकी तीच गळते. स्त्री कर्मचाऱ्यांचा पगार चालू ठेवा. आरोग्यासारख्या कामांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात स्थानिक बोलणी करा. एका जिल्ह्यात मिळालेली मुभा दुसऱ्यात गृहीत धरू नका.

नावं, फोटो, याद्या

ऑगस्ट 2021 मध्ये तालिबान सत्तेवर आल्यावर अनेक स्त्रियांनी स्वतःची प्रमाणपत्रं जाळली, कारण त्यांवर परदेशी संस्थांची बोधचिन्हं होती. तो धडा महाग होता. यादीत नावाऐवजी क्रमांक ठेवा. नाव आणि क्रमांक जोडणारा कागद वेगळा, देशाबाहेर आणि दोनच माणसांकडे. अहवालात गावाचं नाव नको, जिल्हा पुरे. चेहऱ्याचा फोटो नकोच. हात, शिवण, वही यांचा घ्या, पण खिडकीतून दिसणारा डोंगर किंवा मिनार चौकटीत येऊ देऊ नका, त्यावरून गाव ओळखता येतं. व्हॉट्सॲप गटात बायकांचे क्रमांक एकमेकींना आणि त्यांच्या घरच्यांना दिसतात, म्हणून निरोप एकेकीला पाठवा. फोन बहुधा नवऱ्याचा असतो, तेव्हा मजकूर तो वाचणार हे धरूनच लिहा: 'मंगळवारी शिवणकाम, दहा वाजता' एवढंच.