एका गावाचं पाणी, दोन विद्याशाखा: संयुक्त अभ्यास कसा करावा

नळयोजना झाली, टाकी उभी राहिली, घरोघर जोडण्याही दिल्या, तरी गावाच्या एका टोकाला उन्हाळ्यात हंडा भरत नाही. असं का होतं हे शोधायला अभियांत्रिकीचा विद्यार्थी गेला तर तो पाइपचा व्यास आणि दाब मोजून येतो. समाजशास्त्राचा विद्यार्थी गेला तर पाणी कोण भरतं, व्हॉल्व्ह कोण सोडतं, कोणत्या वस्तीला आधी पाणी मिळतं हे विचारून येतो. दोघांचे अहवाल वेगवेगळ्या ग्रंथालयांत जातात. एकाने ज्या घराचा नळ मोजला त्या घरात दुसरा गेलेलाच नसतो, त्यामुळे दोन्ही निष्कर्ष एकमेकांना जोडता येत नाहीत. संयुक्त अभ्यासाचा कणा म्हणूनच एकच आहे: मोजणी आणि मुलाखत त्याच घराची, त्याच आठवड्यात, एकाच घर-क्रमांकाखाली.

ही वाट महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान मूळचे कृषिरसायनशास्त्रज्ञ होते, पण 1917 साली त्यांनी पिंपळे सौदागरचा अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हा जमिनीचे तुकडे आणि कुळांची कर्जं हाही त्याचा गाभा होता. पवईच्या आयआयटीत 1985 पासून चालणारं ग्रामीण तंत्रज्ञान पर्यायांचं केंद्र, म्हणजे सितारा, विद्यार्थ्यांना गावात पाठवून अशीच कामं करवून घेतं. खालची पद्धत साधारण 300 घरांच्या, एका टाकीवर चालणाऱ्या गावासाठी आहे.

आधी प्रश्न नीट लिहा

'गावातील पाणीपुरवठ्याचा अभ्यास' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न असा हवा: 'एप्रिल-मे महिन्यात कोणत्या घरांना माणशी दररोज 55 लिटरपेक्षा कमी पाणी मिळतं, आणि त्याचं कारण पाइपच्या जाळ्यात आहे, पाणी सोडण्याच्या वेळापत्रकात आहे की घरापर्यंत जोडणी पोहोचण्यात आहे?' 55 लिटर हे जलजीवन मिशनचं प्रमाण. प्रश्नात महिना, प्रमाण आणि संभाव्य कारणं आली की काय मोजायचं आणि काय विचारायचं हे आपोआप सुटं होतं. जी गोष्ट यातल्या कोणत्याच कारणाकडे नेत नाही, ती प्रश्नावलीतून काढून टाका. पहिल्या मसुद्यात हमखास निम्मे प्रश्न असे निघतात.

हंगाम चुकवू नका. पावसाळ्यात केलेला अभ्यास टंचाईबद्दल काहीच सांगत नाही. लग्नसराई किंवा गावची जत्रा असलेला आठवडाही टाळा, कारण घरात पाहुणे असतात आणि पाण्याचा वापर फुगतो. भारनियमन टाळता येत नाही. त्याची वेळ रोज नोंदवा.

घरांची यादी आणि नमुना

ग्रामपंचायतीकडे नमुना 8 ही कर आकारणीची यादी मिळते. ती घ्या, पण तिच्यावर थांबू नका. तिच्यात कुलूपबंद घरं असतात, एकाच घरक्रमांकावर वेगळ्या चुली मांडलेले भाऊ असतात, आणि गावठाणाबाहेरचे पाडे किंवा गायरानावरची घरं कधीकधी मुळीच नसतात. पाण्याचा सर्वाधिक त्रास बहुधा याच घरांना असतो. एक सकाळ गाव पायी फिरून, अंगणवाडीसेविका किंवा आशाताईंना बरोबर घेऊन, चुलीनिहाय यादी पुरी करा.

आता आकडा. 95 टक्के विश्वासपातळी आणि 5 टक्के चूक धरली, म्हणजे शंभरातल्या 95 वेळा उत्तर खऱ्या टक्केवारीच्या पाच टक्के इकडेतिकडे यावं असं ठरवलं, तर मोठ्या लोकसंख्येसाठी 384 घरं लागतात. गाव 300 घरांचं असेल तर लहान लोकसंख्येची दुरुस्ती करा: 384 ला (1 + 383/300) ने भागा, उत्तर 169. हा आकडा संपूर्ण गावाबद्दल बोलण्यापुरता आहे. वस्तीवस्तीची तुलना करायची असेल तर प्रत्येक वस्तीत निदान 30 घरं हवीत. 22 घरांचीच वाडी असेल तर सगळी 22 घ्या आणि उरलेली 147 घरं बाकीच्या 278 मधून संगणकावर यादृच्छिक क्रमांक काढून निवडा. मग गावाची टक्केवारी काढताना वाडीच्या प्रत्येक घराला 1 आणि बाकीच्या घरांना 278/147, म्हणजे 1.89 असा भार द्यावा लागतो. हा भार विसरला की वाडीचा त्रास अख्ख्या गावाचा म्हणून छापला जातो आणि ग्रामसभेत पहिल्याच प्रश्नाला अहवाल कोसळतो.

नळाची मोजणी

दहा लिटरची बादली, मोबाइलचं घड्याळ, 0 ते 4 किलो प्रति चौरस सेंटीमीटरचा दाबमापक आणि तो तोटीला बसवायची जोडणी एवढं पुरतं. बादलीवरच्या खुणांवर विश्वास ठेवू नका. वजनकाट्यावर 10 किलो पाणी घेऊन स्वतः खूण करा.

अडचण वेळेची असते. पाणी 45 मिनिटंच सुटत असेल तर चालण्याचा वेळ धरून एक माणूस सहा-सात नळांपेक्षा जास्त मोजू शकत नाही. म्हणून 169 घरांतून 30 ते 35 नळांचा पोटनमुना काढा: टाकीजवळचे, मधले, शेवटचे, आणि चढावरचे मुद्दाम जास्त. पाच जणांनी वाटून घ्या आणि तेच नळ तीन वेगवेगळ्या दिवशी मोजा. पाणी सुटल्यावर पहिली दहा मिनिटं पाइप भरत असतो आणि हवा बाहेर पडत असते, त्या वेळचा आकडा टाकून द्या. बादली आठ-दहा सेकंदांत भरत असेल तर अर्ध्या सेकंदाची चूक पाच-सहा टक्क्यांवर जाते. अशा ठिकाणी पिंप वापरा.

दाब दोनदा बघा, तोटी बंद असताना आणि शेजारच्या तोट्या चालू असताना. 1 किलो प्रति चौरस सेंटीमीटर म्हणजे 10 मीटर पाण्याची उंची. एकमजली घरासाठी आराखड्यात नळापाशी साधारण 7 मीटर शिल्लक दाब धरतात. शेवटच्या घरांनी नळ खड्ड्यात उतरवलेला असेल तर खड्ड्याची खोली लिहा. ती एक नोंद दाबाच्या दहा आकड्यांइतकी बोलते. कोणी नळाला थेट टुल्लू पंप लावला असेल तर तोही नोंदवा, नाव न लिहिता, कारण त्याच्या पुढच्या घरांचा दाब त्यामुळे पडतो.

जमिनीची उंची मोबाइलच्या जीपीएसने घेऊ नका. ती सहज दहा मीटरने चुकते, आणि इथे सगळा खेळच दहा मीटरचा आहे. डंपी लेव्हल, म्हणजे सर्वेक्षणाची उंची मोजणारी दुर्बीण, आणा, नाहीतर पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी लेव्हल काढतो तशी टप्प्याटप्प्याने काढा.

टाकीतून किती पाणी जातं हे पातळी उतरण्यावरून काढता येतं. 5 मीटर व्यासाच्या गोल टाकीची पातळी 10 सेंटीमीटर उतरली म्हणजे जवळपास 1,960 लिटर पाणी गेलं. त्यासाठी 20 मिनिटं लागली तर प्रवाह सेकंदाला 1.6 लिटर. विहिरीवरून टाकी भरत असतानाच ही मोजणी केली तर आकडा खोटा येतो. पंप बंद हवा.

पाइपचा आतला व्यास नकाशावरून उचलू नका, खणलेल्या जागी कॅलिपरने मोजा. सेकंदाला 2 लिटर पाणी 80 मिलिमीटर आतल्या व्यासाच्या प्लास्टिक पाइपमधून 1 किलोमीटर गेलं तर घर्षणात सुमारे 2.5 मीटर दाब जातो. तेच पाणी 50 मिलिमीटरमधून गेलं तर सुमारे 25 मीटर. टाकीचा बुरूज बहुधा तेवढा उंचही नसतो. नकाशात 80 आणि जमिनीत 50 असेल तर शेवटच्या वस्तीचं कोडं तिथेच सुटतं.

जाळ्याचं गणित ईपानेट या मोफत प्रणालीत मांडा. 2.2 ही किंवा नंतरची आवृत्ती घ्या, तिच्यात दाबानुसार मागणी बदलण्याची सोय आहे. जुन्या पद्धतीने चालवलं तर प्रणाली प्रत्येक घराला ठरलेलं पाणी मिळालंच असं धरते आणि शेवटच्या नळांवर उणे दाब दाखवते. गणितात 9 मीटर आणि मापकावर 3 मीटर अशी तफावत आली की गळती, अर्धवट बंद व्हॉल्व्ह किंवा नकाशापेक्षा बारीक पाइप यांपैकी एक शोधायला लागा. आकडे जुळावेत म्हणून गणितातला पाइपचा खडबडीतपणा मनमानी वाढवत नेऊ नका, त्याने खरं कारण झाकलं जातं.

शिल्लक क्लोरीन, म्हणजे पाणी निर्जंतुक केल्यावर त्यात उरलेलं क्लोरीन, नळावरच तपासा. प्रयोगशाळेत नेईपर्यंत ते उडून जातं. 0.2 मिलिग्रॅम प्रति लिटर ही किमान पातळी. ग्रामपंचायतीत ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणीचा संच असतो, क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. पिवळा रंग मुळीच आला नाही तर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, किती आणि कधी टाकली हे विचारा. जिवाणूंच्या तपासणीची बाटली निर्जंतुक हवी, बर्फात ठेवा आणि 24 तासांच्या आत पोचवा. उशीर झालेल्या बाटलीचा निकाल अहवालात घालू नये.

घरातली मुलाखत

दारात पुरुष भेटला तरी पाणी भरणाऱ्या व्यक्तीशी बोला. पाण्याचा हिशेब तिच्याकडे असतो. दुपारी दोन ते चार ही बहुतेक ठिकाणी बरी वेळ, पण मजुरीच्या हंगामात संध्याकाळीच जावं लागतं. मुलाखत अर्ध्या तासात आटपा. एक जण दिवसाला आठ-दहा घरं नीट करतो, म्हणजे चार जणांना 169 घरांसाठी पाच दिवस.

'पाणी पुरतं का?' असं विचारलं तर टंचाईची सवय झालेली बाई 'भागतं' म्हणेल आणि नव्या घरातली सून 'नाही पुरत' म्हणेल, जरी दोघींना सारखंच पाणी मिळत असलं तरी. त्याऐवजी विचारा: काल किती हंडे भरले, कुठून, कोणी, किती वाजता, रांगेत किती वेळ गेला? घरचा हंडा एकदा मापाने भरून बघा. गावोगाव हंडा 10 ते 15 लिटरचा असतो आणि एवढ्या फरकाने माणशी लिटरांचा हिशेब पार बदलतो. गुरांना पाजलेलं पाणी वेगळं लिहा. कालचाच दिवस विचारा, आठवड्याची सरासरी कोणालाच आठवत नाही.

प्रश्नावली आधी दहा घरांत चालवून बघा, आणि ती घरं नंतर नमुन्यात घेऊ नका. प्रायोगिक पाहणीचा हा शिरस्ता संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी बंगालच्या तागाच्या पाहणीत घालून दिला आणि त्याची गरज आजही तेवढीच आहे. नोंदींसाठी कोबो हे मोबाइलवरचं प्रश्नावलीचं अ‍ॅप चालेल, मोबाइलला रेंज नसली तरी.

आकड्यांत न मावणारा भाग मोकळ्या मुलाखतींतून येतो: वॉलमन (व्हॉल्व्ह उघडून पाणी सोडणारा), सरपंच, बचतगटाच्या बायका, पाणीपट्टी थकलेली घरं. वॉलमनबरोबर एक पूर्ण फेरी चाला. कोणता व्हॉल्व्ह किती आटे उघडतो आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे कोणत्याही नकाशात नसतं. अशा मुलाखती 15 ते 20 झाल्या की बहुधा नवी माहिती येणं थांबतं. शेवटच्या दोन-तीन मुलाखतींतही नवं काही निघत असेल तर थांबू नका. लिहून काढलेल्या मजकुराला दोघांनी स्वतंत्रपणे विषयखुणा द्याव्यात, म्हणजे कोणता भाग कशाबद्दल आहे त्याची खूण करावी, आणि मग ताडून पाहाव्यात. खुणा जुळत नसतील तर बहुतेक वेळा खुणेची व्याख्याच ढिली असते.

संमती तोंडी घेतली तरी नोंदवा. महाविद्यालयाच्या नीतिसमितीची परवानगी गावात जाण्याआधी हवी. नंतर मिळवता येत नाही आणि त्याशिवाय अनेक नियतकालिकं लेख घेत नाहीत. विद्यार्थी सरपंचांच्या गाडीतून उतरला तर वाडीवर कोणी तक्रार सांगणार नाही, हेही ध्यानात ठेवा.

दोन्ही वह्या एकत्र करताना

घर-क्रमांकावर दोन्ही तक्ते जोडा आणि पोटनमुन्यातल्या घरांपासून सुरुवात करा. पाच माणसांच्या घराला 275 लिटर लागतात. नळ मिनिटाला 5 लिटर देत असेल तर त्याला 55 मिनिटं पाणी हवं. पुरवठा 45 मिनिटंच असेल तर पाइप उत्तम असूनही घर कमी पडणार, आणि दोष वेळापत्रकाचा. बंद तोटीवर दाब चांगला पण चालू केल्यावर कोसळत असेल तर अरुंद किंवा तुंबलेला पाइप बघा. बंद तोटीवरही दाब नसेल तर टाकीची उंची किंवा अडवलेला व्हॉल्व्ह. प्रवाह पुरेसा, वेळ पुरेशी, आणि तरी घर कमी हंडे सांगत असेल तर एका जोडणीवर किती चुली आहेत, पाणी सुटतं तेव्हा घरात कोण असतं, साठवायला भांडी आहेत का, हे मुलाखतीत शोधा. मोलमजुरीला सकाळी सातला निघणाऱ्या घराला साडेआठचं पाणी मिळून उपयोग नाही. दाबमापक हे कधीच सांगणार नाही.

दोन्हींचं जुळत नाही अशी घरं टाकून देऊ नका. तिथे परत जा. सर्वांत कामाची माहिती बहुधा याच पाच-दहा घरांत असते.

लिहिताना अभियांत्रिकीचा भाग मोजमापांची अचूकता आणि गृहीतकं उघड मांडतो. सामाजिक भागात कोणाशी बोललो, कोणाशी बोलता आलं नाही, हे सांगावं लागतं. दोन्ही ठिकाणी दोन्ही लिहा. नकाशावर घराचा नेमका ठिपका देऊ नका. तीन घरांच्या वस्तीत जात आणि पाण्याचा आकडा शेजारी छापला की कोण ते गावाला लगेच कळतं, म्हणून पाच घरांपेक्षा लहान गट शेजारच्या गटात मिसळा.

अहवाल छापण्याआधी आकडे ग्रामसभेत मराठीत मांडा: वस्तीनिहाय माणशी लिटर, सर्वांत कमी दाबाचे नळ, आणि खर्चाच्या चढत्या क्रमाने उपाय. आधी व्हॉल्व्हचं वेळापत्रक, मग गळती, मग पाइप बदलणं. पहिला उपाय पुढच्या सोमवारपासून पैशाशिवाय सुरू होऊ शकतो, आणि दोन आठवड्यांनी तेच 30 नळ पुन्हा मोजले की तो लागू पडला की नाही तेही कळतं.