इंग्लंडमध्ये नव्याने आलात? फुटबॉलच्या गर्दीला किती घाबरायचं?

लंडनला वेम्बलीत फ्लॅट बघितला, भाडं परवडतंय, ट्यूब स्टेशन जवळ आहे, पण स्टेडियमही जवळ आहे. घ्यावा का? नवीन आलेली मराठी मंडळी मला हे हमखास विचारतात. मँचेस्टरला किंवा न्यूकासलला नोकरी मिळालेल्यांना तर पुण्या-नाशिकहून आईवडील फोनवर बजावत असतात, "मॅच असली की बाहेर पडू नका रे."

फ्लॅट खुशाल घ्या. मॅचच्या दिवशी गाडी लावायला परमिट लागेल आणि स्टेशनवर रांग असेल, एवढी तयारी ठेवा. इंग्लिश फुटबॉलप्रेमी म्हणजे हुल्लडबाज, हे जे आपण ऐकत आलो त्याला इतिहास आहे. तो माहीत असला की उगाच भीती वाटत नाही आणि सावध कुठे राहायचं तेही कळतं.

सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत मारामाऱ्या खरोखरच व्हायच्या. क्लबांच्या नावाने टोळ्या होत्या आणि त्या ठरवून भिडायच्या. २९ मे १९८५ ला ब्रसेल्सच्या हेझेल स्टेडियमवर लिव्हरपूल आणि इटलीचा युव्हेंटस यांची युरोपियन कपची अंतिम लढत होती. लिव्हरपूलचे समर्थक समोरच्यांवर धावून गेले, मागे हटणाऱ्या लोकांच्या रेट्यात भिंत कोसळली आणि ३९ माणसं गेली, त्यातली बहुतेक इटालियन. त्यानंतर इंग्लिश क्लबांना ५ वर्षं युरोपच्या स्पर्धांबाहेर ठेवलं, लिव्हरपूलला ६ वर्षं. ही बदनामी इंग्लंडने स्वतः ओढवून घेतली होती.

पण पुढचं फार कमी लोक सांगतात, आणि नवीन आलेल्या प्रत्येकाला ते माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. एकदा "हे सगळे गुंड" असं ठरल्यावर गर्दीकडे माणसं म्हणून बघणंच थांबलं. मैदानात कोणी उतरू नये म्हणून प्रेक्षकांसमोर लोखंडी जाळ्या उभ्या होत्याच. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा उपांत्य सामना होता. बाहेर गर्दी तुंबली म्हणून पोलिसांनी एक दार उघडलं आणि माणसं बोगद्यातून थेट आधीच भरलेल्या कप्प्यांत शिरली. पुढे जाळी, मागून रेटा. माणसं जाळीला चिरडली गेली, आणि जीव वाचवायला वर चढणारे सुरुवातीला पोलिसांना दंगेखोरच वाटले. ९७ जणांचा बळी गेला. शेवटचे गृहस्थ त्या दिवशीच्या इजांमुळे २०२१ मध्ये वारले.

चारच दिवसांत 'द सन' या वृत्तपत्राने पहिल्या पानावर सगळा दोष दारुड्या प्रेक्षकांवर टाकला. लोकांना ते पटलं, कारण बदनामी आधीच झालेली होती. ज्यांची मुलं गेली त्या आईबापांना तब्बल २७ वर्षं लढावं लागलं. २०१६ मध्ये ज्युरीने निर्वाळा दिला: हे मृत्यू बेकायदेशीरपणे घडवलेले आहेत आणि प्रेक्षकांचा त्यात काहीही दोष नाही. लिव्हरपूलला राहायला गेलात तर आजही अनेक दुकानांत तो पेपर दिसणार नाही. तिथे ऑफिसात हिल्सबरोचा विषय निघाला तर "दंगल झाली होती ना?" असं चुकूनही विचारू नका. समोरच्याच्या घरातलंच कोणी त्यात गेलेलं असू शकतं.

त्यानंतर मैदानं बदलली. हिल्सबरोच्या चौकशीचा टेलर अहवाल १९९० मध्ये आला, त्यानंतर जाळ्या गेल्या, वरच्या श्रेणीच्या मैदानांत प्रत्येकाला खुर्ची मिळाली, कॅमेरे आले. दंगा करणाऱ्याला कोर्ट ३ ते १० वर्षं मॅचला यायची बंदी घालू शकतं आणि परदेशात सामने असले की त्याला पासपोर्ट जमा करावा लागतो. आज प्रीमियर लीगच्या मॅचला आजी-आजोबा नातवंडांना घेऊन आलेले दिसतात.

सगळं संपलं असं मात्र म्हणणार नाही. ११ जुलै २०२१ ला युरो स्पर्धेची अंतिम लढत याच वेम्बलीवर होती. सकाळपासून दारू पिऊन आलेल्या जमावातले सुमारे २,००० लोक तिकिटाशिवाय आत घुसले. इंग्लंड पेनल्टीवर हरल्यावर रॅशफर्ड, सँचो आणि साका या तिघा कृष्णवर्णीय खेळाडूंना वर्णद्वेषी शिव्यांचा मारा सोसावा लागला. ते वाचताना आपल्यासारख्या रंगाच्या माणसांच्या पोटात गोळा आला, हे मी लपवणार नाही. मँचेस्टरला रॅशफर्डच्या भित्तिचित्रावर कोणीतरी काहीबाही लिहिलं, तर वस्तीतल्या लोकांनी दुसऱ्याच दिवशी ते प्रेमाच्या चिठ्ठ्यांनी झाकून टाकलं. इंग्लंड म्हणून मला या दोन्ही गोष्टी मोजाव्याशा वाटतात. पुढच्याच वर्षी बायकांच्या युरो फायनलला त्याच मैदानात ८७,१९२ माणसं होती आणि सगळं आनंदात पार पडलं.

तेव्हा सावध राहायचं ते ठरावीक वेळी. इंग्लंडची मोठी मॅच संपल्यावर रात्री शहराच्या मध्यभागातले पब टाळा, विशेषतः संघ हरला असेल तर. शनिवारी संध्याकाळी परतीच्या ट्रेनमध्ये एखादा डबा गाण्यांनी दणाणत असतो. बहुतेक वेळा ती नुसती मौज असते, तरी लहान मुलं बरोबर असतील तर डबा बदला. कोणी त्रास दिला तर वाद घालू नका. ६१०१६ वर मेसेज केलात की रेल्वे पोलिसांपर्यंत पोचतो, आणि जीवावर बेतलं तर ९९९.

जर्सीचा रंग जपा. यजमान संघाच्या स्टँडमध्ये पाहुण्यांची जर्सी घालून बसायचं नसतं, स्टुअर्ड, म्हणजे मैदानावरचे कर्मचारी, बाहेर काढतात. आर्सेनल-टॉटनहॅम किंवा व्हिला-बर्मिंगहॅम असा शेजाऱ्यांचा सामना असेल त्या दिवशी साधा कोट बरा. कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली की पेठांमध्ये काय हवा असते ते त्यांनी पाहिलेलं असतं.

व्हिसावर असलेल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवा. आनंदाच्या भरात मैदानात धावत जाणं इथे १९९१ पासून गुन्हा आहे. पुरुषांच्या वरच्या श्रेणींच्या सामन्यांत मैदान दिसेल अशा जागी दारू पिणंही कायद्याने बंद आहे. शेजारी शंभर जण उतरले म्हणून तुम्ही उतरू नका. शिक्षा झाली तर पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात ती लिहावी लागेल.

आणि मॅचला जाच. घाबरून घरी बसलात तर या देशाशी ओळख व्हायचा सगळ्यात सोपा रस्ता हुकेल. ॲस्टन व्हिलाच्या पंजाबी समर्थकांनी 'पंजाबी व्हिलन्स' नावाचा गट काढला आणि ते ढोल घेऊन मॅचला जातात. आपली मंडळी मात्र अजून बरीचशी टीव्हीपुढेच. सुरुवात बायकांच्या सामन्याने करा. तिथे तिकीट स्वस्त असतं आणि दोन्ही संघांचे लोक शेजारी-शेजारी बसतात. नाहीतर गावातल्या खालच्या श्रेणीच्या क्लबाचं फॅमिली स्टँडमधलं तिकीट काढा. मोठी बॅग नेऊ नका, दारावर अडवतात. थंडीचे मोजे घाला, आणि शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला विचारा की तो कधीपासून येतोय. मध्यांतरापर्यंत तो तुम्हाला क्लबाचा सगळा इतिहास सांगेल.