वणव्यानंतर ओकच्या खोडातले किडे कसे ओळखायचे आणि झाड कधी तोडायचं

ओकच्या जंगलातून वणवा जाऊन थोडे महिने झाले, हवा तापली, की बुंध्याशी पांढरा भुसा पडलेला दिसतो आणि लोक किडा लागला किडा लागला करत धडाधड झाडं पाडायला लागतात. प्लीज असं करू नका. हे किडे बहुतेक वेळा आगीनं आधीच मरायला टेकलेल्या झाडावर येतात, आणि ओक इतका चिवट आहे की वरचं सगळं काळंठिक्कर पडलं तरी बुंध्यातून परत फुटतो. म्हणून आधी झाड तपासा, किडा नंतर.

जळलेल्या जंगलात जायच्या आधी एक. मुळं जळून गेलेल्या ठिकाणी जमिनीखाली पोकळी असते, वरून राख असल्यामुळे कळत नाही आणि पाय मांडीपर्यंत आत जातो, शिवाय अर्ध्या जळलेल्या फांद्या वारा नसतानाही खाली येतात. हेल्मेट, जाड बूट, राखेसाठी मास्क, आणि एकट्यानं जायचं नाही. बरोबर धारदार चाकू, मिलिमीटरची पट्टी, भिंग, रंगीत रिबन आणि वही घ्या.

बुंध्याच्या चारही बाजूंना जमिनीलगत दोन-तीन सेंटीमीटरची छोटी खिडकी चाकूनं कापा, सालीच्या आतल्या थरापर्यंत. आतलं ओलसर, पांढरट किंवा गुलाबीसर असेल तर ती बाजू जिवंत. तपकिरी, कोरडं किंवा आंबूस वासाचं असेल तर मेलेली. साधारण ६० अंश सेल्सिअसला हा थर मरतो, पण साल जाड असेल तर उष्णता आत पोचतच नाही, त्यामुळे बाहेरून कोळसा झालेलं झाड आतून ठणठणीत असू शकतं आणि पातळ सालीचं झाड बाहेरून बरं दिसून आतून गेलेलं असतं. बुचाच्या ओकचं, म्हणजे ज्याच्या सालीपासून बाटलीची बुचं बनतात त्याचं, तेच, जाड बुचामुळे तो आगीनंतर वरच्या फांद्यांवरूनही फुटतो, पण नुकतंच बूच काढलेलं असेल तर आगीत टिकणं फार अवघड. खिडक्या मोजक्याच करा हां, खोडाभोवती गोल कापत गेलात तर वाचलेलं झाड तुम्हीच माराल.

आता भुसा आणि भोकं, आणि इथे घाई न करता भिंग लावून बघा. लालसर तपकिरी भुसा असेल तर किडा सालीतच आहे, ते सालीचे भुंगेरे. पांढरा भुसा म्हणजे किडा आतल्या लाकडापर्यंत गेला, आणि भोक टाचणीनं पाडल्यासारखं बारीक गोल असेल तर ते अँब्रोशिया भुंगेरे. हे लाकूड खातच नाहीत, बोगद्यात बुरशीची शेती करतात आणि ती बुरशी खातात, मरणाऱ्या लाकडातून अल्कोहोलचा वास सुटतो त्यावर ते येतात. म्हणून ते दिसले की खोडाचा निदान तेवढा भाग तरी गेला असं बहुतेकदा धरायला हरकत नाही. भोक इंग्रजी डी अक्षरासारखं, एक बाजू सपाट, असेल तर चपट्या डोक्याच्या अळीचा भुंगा. मोठं गोल किंवा लांबट भोक बहुतेक लांब मिशांच्या भुंग्याचं.

एक गोष्ट बरेच जण चुकवतात. टाचणीसारखं भोक किडा आत शिरल्याचं असतं, पण डी आकाराचं भोक बाहेर पडल्याचं, म्हणजे अळी आत वाढून, भुंगा होऊन निघून गेला, आणि याला बहुतेक वेळा एक वर्ष तरी लागतं, काहींना दोन किंवा जास्त. त्यामुळे आगीनंतर महिनाभरातच डी दिसला तर किडा आगीच्या आधीपासून होता. भोकाची कडा बघा, कडाही जळून काळी असेल तर भोक जुनं, काळ्या सालीत कडा फिकी ताजी असेल तर नवं. वहीत हे वेगळं लिहा.

आगीचा आणि भुंग्यांचा संबंध किती जवळचा आहे बघा, मेलानोफिला नावाच्या भुंग्यांना छातीच्या खालच्या बाजूला उष्णता ओळखणारे खड्डे असतात, ते धूर निघत असतानाच येऊन ताज्या जळलेल्या लाकडात अंडी घालतात, कारण तिथे झाड प्रतिकार करू शकत नाही. ते मुख्यतः पाइनसारख्या झाडांवर जातात, ओकवर त्यांची भीती नको.

किडे मरायला टेकलेल्या झाडावरच येतात म्हटलं, त्याला अपवाद एक आहे आणि तो गंभीर आहे. सोनेरी ठिपक्यांचा ओक भुंगा, मूळचा आग्नेय ॲरिझोनाचा, २००४ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन डिएगो काउंटीत सापडला. तो चांगली मोठी ओकची झाडंही मारतो, भोक डी आकाराचं आणि साधारण ३ मिलिमीटर, आणि तो पसरतो तो मुख्यतः सरपणातून. म्हणून जळलेल्या ओकचं लाकूड सालीसकट दुसऱ्या जंगलात किंवा गावाला नेऊ नका, जिथे तोडलं तिथेच यंत्रानं त्याचे बारीक तुकडे (चिपर) करा किंवा वाळवून वापरा. नुसती साल सोलून टाकून भागत नाही, सालीतही किडा असतो, तीही नष्ट करा.

औषध फवारायच्या भानगडीत पडू नका. अळी आत गेल्यावर वरचा फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही आणि मेलेल्या झाडाला त्याचा उपयोगच नाही, उलट सुतारपक्षी याच अळ्यांवर जगतात. युरोपात असाल तर अजून एक, तिथला मोठा सेरँबिक्स सेर्डो भुंगा युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशानुसार (प्राणी-वनस्पती आणि त्यांच्या वस्तीच्या जागा जपण्याचा नियम) संरक्षित आहे, तर त्याची मोठी भोकं दिसली की आधी वनखात्याला विचारा.

मग तोडायचं काय? रस्ता, पायवाट, घर यांच्यावर पडू शकेल असं मेलेलं झाड लगेच काढा, त्यात वाट बघू नका. चारही खिडक्या मेलेल्या पण बुंध्यातून फुटवे असतील तर मुळं जिवंत आहेत, वरचं खोड गेलं तरी झाड गेलेलं नाही, फुटवे जनावरांपासून जपा. दोन-तीन खिडक्या जिवंत असतील तर भुसा असूनही रिबन बांधून ठेवा आणि निदान दोन पानफुटीचे हंगाम जाऊ द्या, प्रत्येक हंगामात शेंड्याकडची पालवी आणि नवी भोकं मोजून वहीत टाका. दुसऱ्या हंगामातही पालवी नाही, बुंध्याशी फुटवे नाहीत आणि साल हातानं सुटून येते, तेव्हा ते झाड मेलं असं लिहा, आणि ते कोणाच्या अंगावर पडणारं नसेल तर उभंच राहू द्या.